रातांब्याचे दिवस

बेळगावहून निघावे, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात जावे, तिथून समुद्राच्या कडेने कारवार गाठावे आणि पुढे शिरसीचा घाट चढावा. या एका फेरीत एकाच फळाची तीन-चार नावे कानावर पडतात. आमच्या घाटमाथ्यावर आणि खाली सिंधुदुर्गात ते रातांबा किंवा कोकम. गोव्यात शिरले की भिरंड. शिरसीकडे मुरुगलु आणि आणखी खाली मंगळूरच्या अंगाला पुनर्पुळी. वाळवलेल्या सालीचीही तीच तऱ्हा. पुण्याच्या वाण्याकडे ती आमसूल असते. गोव्यात आणि आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात सोल. 2016 साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाचीच गोष्ट आहे. पण झाडाला जिल्ह्याची हद्द वाचता येत नाही. ते आपले सह्याद्रीच्या उतारावर, जिथे पाऊस भरपूर आणि सावली थोडी, तिथे कोणत्याही भाषेच्या अंगणात वाढते.

बाकीच्या फळांत आणि रातांब्यात एक मोठा फरक आहे. आंबा असो की फणस, आपण तो आधी पोटभर खातो आणि उरला तर साठवतो. साटे, पोळ्या, लोणची ही उरल्यासुरल्याची सोय. रातांबा ताजा खाणारे म्हणजे पोरे आणि माकडे. मोठ्या माणसांच्या लेखी हे फळ साठवणीसाठीच असते. वर्षभराची आमटी, माशाचे कालवण, सोलकढी, उन्हाळ्यातले सरबत, सारे काही त्या तीन-चार आठवड्यांच्या कामावर अवलंबून. आणि नेमके त्याच आठवड्यांच्या मागे पाऊस लागलेला असतो. खाली कोकणात एप्रिलपासून रातांबे पिकू लागतात. घाटावर हवा थंड, म्हणून आमच्याकडे मे उजाडतो आणि बरेचसे फळ मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात रंगावर येते. मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. म्हणजे फळ पिकल्यापासून पाऊस पडेपर्यंत हातात पंधरा-वीस दिवस. सोल वाळायला कडक ऊन हवे, आणि ऊन तर जायच्या तयारीत असते.

आमच्या परड्यातली झाडे आजोबांनी 1950 च्या सुमारास लावली. बिया टाकून त्यांनी चार रोपे केली, त्यांतले एक पहिल्याच उन्हाळ्यात गेले. रातांब्याचे झाड बीपासून वाढवले तर फुलावर यायला सहा-सात वर्षे लागतात आणि तोवर ते नर की मादी हे कोणालाही सांगता येत नाही. साधारण निम्मी रोपे नर निघतात. नराला फुले येतात, फळ धरत नाही. आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1997 साली दिलेल्या ‘कोकण अमृता’सारख्या जातीची कलमे मिळतात, त्यामुळे मादी झाडाची खात्री असते, मात्र अशी बाग लावतानाही मधूनमधून काही नर झाडे ठेवावी लागतात. आजोबांच्या काळी हा सगळा जुगार होता. त्यांच्या तीन झाडांत दोन मादी निघाली आणि विहिरीकडचे नर.

1984 साली घराच्या वाटण्या झाल्या. विहिरीकडची बाजू धाकट्या काकांकडे गेली. काकांना तिथे न्हाणीघर वाढवायचे होते. ते म्हणाले, “हे वांझ झाड काढून टाकू. वीस-पंचवीस वर्षांत एक फळ दिलं नाही.” घरात वाटणीच्या वेळी बायकांनी बोलायची पद्धत नव्हती. पण आई सैपाकघराच्या दारातून म्हणाली, “भावजी, फुलतंय ते. फुलणारं झाड तोडू नये.” आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. परागीभवन हा शब्द तिच्या कानावरून गेला असेल की नाही, कोण जाणे. काकांनी झाड ठेवले. न्हाणीघर चार हात अलीकडे सरकले.

पुढे 1996 साली काकांनी आपला हिस्सा विकला आणि ते मुलाकडे पुण्याला गेले. घर घेणारे शिरसीकडचे कुटुंब होते. यजमान वनखात्यात, बदल्यांनी कंटाळलेले. त्यांच्या पत्नीला सारा गाव तेव्हापासून अक्का म्हणतो. सामान उतरवून पुरते झाले नाही तोवर आई चहा घेऊन त्यांच्याकडे गेली आणि चहाबरोबर एक करारही करून आली. विहिरीकडचे झाड तोडायचे नाही. त्याच्या बदल्यात दरवर्षी एक बरणी सोलं तुमची. अक्कांना तेव्हा मराठी फारसे येत नव्हते, आणि आईचे कन्नड बाजारापुरते. तरी करार पक्का झाला. अक्कांनी हसून सांगितले, आमच्याकडेही परसात एखादे गंडु झाड ठेवतातच. गंडु म्हणजे नर हे आईला ठाऊक होते. तेव्हापासून नर झाड त्यांच्या कुंपणात, मादी झाडे आमच्या कुंपणात आणि दरवर्षी पाच शेरांची चिनीमातीची बरणी कुंपणापलीकडे, असा रिवाज सुरू झाला. 2025 पर्यंत त्यात एकदाही खंड पडला नाही.

माझ्या लहानपणी हे काम आम्हा पोरांच्या जिवावर चाले. शाळेला सुटी असे आणि झाडाखाली सावली दाट. रातांब्याच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात, त्यामुळे निम्मे फळ हाताशी येते; वरचे काढायला चढावे लागे. फळ हिरव्याचे लाल होते आणि लालाचे गर्द जांभळे. लाल झाले म्हणून काढायचे नाही, अंगठ्याने दाबून ते किंचित दबले पाहिजे. सगळी फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून दोन-तीन दिवसांआड एक तोडणी, अशा सहा-सात तोडण्या होत. पडलेली फळे वेगळ्या पाटीत. ती त्याच दिवशी फोडायची, दुसऱ्या दिवशी त्यांचा भरवसा नाही.

फोडण्याचे काम संध्याकाळी ओसरीवर. फळाचे दोन भाग करायचे, आतला पांढरा गर आणि त्यातल्या पाच-सहा बिया बोटाने काढून मोठ्या मडक्यात टाकायच्या, साली सुपात. आठवडाभर आमची बोटे जांभळी दिसत. कोयता, विळी जे वापरायचे ते काम संपताच धुऊन पुसून ठेवायचे. रस ठेवायला तांब्यापितळेचे, ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही. आंबटपणा धातू खातो आणि रस कळकतो. मातीचे मडके, चिनीमातीची बरणी, लाकडी डाव, एवढ्यावरच सारा संसार. उलट घरातली पितळी समई आणि तांब्याचा बंब याच दिवसांत लखलखत, कारण पिळून उरलेली साल घासायला मिळे. तो एक उपउद्योग आजी सांभाळी.

मडक्यातल्या गरावर आई जाडे मीठ घाली. मीठ सानिकट्ट्याचे, गोकर्णाजवळच्या आगरातले. बारीक पांढऱ्या पिठूळ मिठावर तिचा विश्वास नाही. मिठाने गराला पाणी सुटते, तोच सोलाचा रस. साली पहिल्या दिवशी नुसत्या उन्हात तट्ट्यांवर पसरायच्या. संध्याकाळी त्या कोमेजलेल्या साली रसात बुडवून रात्रभर ठेवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. याला पुट देणे म्हणतात. असे एक, दोन, तीन करत पाच-सहा पुटे द्यायची. प्रत्येक पुटाला साल थोडी अधिक काळी, अधिक जाड आणि अधिक आंबट होते. बाजारात पातळ, फिकट, खडबडीत सोले मिळतात ती बहुधा दोन-तीन पुटांवर उरकलेली असतात. ती भिजत घातली तर पाण्याला रंग येतो, चव येत नाही.

शेवटचे पुट झाले की नाही हे आई डोळ्यांनी ठरवत नसे. मूठभर सोले उचलून ती कानाशी हलवी. ओली असली तर आवाज नाही, फार वाळली तर खडखड. मधला एक आवाज आहे, सुक्या पानावरून सरडा जावा तसा. मग एक सोल दुमडून पाही. मोडता कामा नये आणि दुमडीतून रसही सुटता कामा नये. या दोन परीक्षांत उतरली की सोले बरणीत, बरणीच्या तोंडाला जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा, आणि बरणी माळ्यावरच्या अंधारात. अंधारात का, तर उजेडात रंग उडतो. रातांब्याचा लाल-जांभळा रंग उजेडाला आणि उष्णतेला टिकत नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचले. पुस्तकात हेही होते, की फळातले आम्ल, वरून घातलेले मीठ आणि उडून गेलेले पाणी या तिघांमुळे बुरशीला थारा मिळत नाही. आईला ही तीन कारणे माहीत होती. तिने त्यांना नावे दिलेली नव्हती, इतकेच.

बियाही वाया जात नसत. धुऊन, खडखडीत वाळवून त्या जूनअखेर कुटायच्या. कूट पाण्यात उकळले की वर तेल तरंगते. थंड झाले की ते पांढरट मेणासारखे आळते आणि मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करतात. म्हणून त्याला मुठेल म्हणायचे. अक्का त्याला मुरुगल तुप्पा म्हणतात. बियांच्या वजनाच्या जेमतेम चौथाई तेल निघते, आणि घरगुती कुटण्यात तेवढेही पदरात पडत नाही. पण थंडीत भेगाळलेल्या टाचांना आणि फुटलेल्या ओठांना दुसरे औषध आमच्या घरी येत नसे.

ही सारी विद्या किती जुनी असेल? गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात भिरंडाची नोंद आहे. फळ आतून लाल, फार आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचे, आणि साली वाळवून जहाजातून नेतात, त्यांचा शिरका करतात, असे तो सांगतो. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीही कोणाच्या तरी अंगणात ही साल उन्हात पडलेली होती आणि कोणीतरी आभाळाकडे बघत बसलेले होते. ओर्ताने त्या बायकांची नावे लिहिलेली नाहीत.

आता घरात आम्ही तिघेच. पोरे शहरात, भावंडे पुण्याला आणि वडोदऱ्याला. सोले मात्र सगळीकडे जातात. वडोदऱ्याची बहीण जूनमध्ये फोन करते तो तब्येत विचारायला नव्हे, पहिला प्रश्न, “सोलं झाली का?” तिच्या सासरी डाळीत गूळ आणि आंबट दोन्ही असते, पण ते आंबट गुजराती दुकानातल्या कोकमाचे. माहेरचे सोल पडले की तिची सून म्हणते, आज डाळ वेगळी लागते आहे. बहिणीला एवढे पुरते. फोडायला आणि पसरायला आता मी आणि पत्नी. एस.एस.एल.सी.चा निकाल मेच्या सुरुवातीला हाती येतो आणि शाळा उघडायची गडबड महिनाअखेरीला सुरू होते. त्या मधल्या फटीत आमचा हंगाम बसतो. आईचे वय 83. बोटे संधिवाताने वाकली आहेत. ती जोत्यावर खुर्ची टाकून बसते आणि सोले कानाशी हलवण्याचे काम तेवढे स्वतःकडे ठेवते.

2025 च्या मे महिन्यात आमच्याकडे फळ दांडगे होते. दोन्ही झाडे मिळून नव्वद किलो तरी उतरले असते. पहिल्या दोन तोडण्यांचे तीस किलो फोडून झाले, त्याला दोन पुटे मिळाली आणि 20 मेला पाऊस आला. वळवाची सर असेल, दोन तासांत ऊन पडेल, असे वाटले. ऊन पडले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. 24 मेला मान्सून केरळात पोचल्याचे जाहीर झाले आणि 26 मेला तो मुंबईत होता. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंदच नव्हती. मृग दूरच; रोहिणी पुरती लागली नव्हती आणि आमच्या परड्यात पन्हाळीचे पाणी वाहत होते.

तट्ट्या माजघरात आणल्या, पंखे लावले. घाटातला पाऊस म्हणजे वीजही जाते. पंखे निम्मा वेळ बंद. चौथ्या दिवशी एका सुपातल्या सालींवर पांढरे ठिपके दिसले आणि घराला आंबूस वास सुटला. आईने ते सूप उकिरड्यावर टाकायला लावले. झाडांवर अजून साठ किलो फळ पिकून गळत होते. पहाटे छपरावर टपटप ऐकू यायची, तेव्हा पाऊस कोणता आणि रातांबे कोणते हे आई अंथरुणातून सांगायची. ती फार बोलली नाही. एवढेच म्हणाली, “अक्काची बरणी कशी भरायची रे यंदा?”

मला तेव्हा कळले, की तिला नव्वद किलो फळाची काळजी नव्हती. वडोदऱ्याची, पुण्याची पुडकी नाही गेली तर लेकरे समजून घेतील. पण कुंपणापलीकडे गेलेला शब्द एकोणतीस वर्षांचा होता.

त्याच दुपारी अक्का डोक्यावर इरले घ्यावे तशी प्लॅस्टिकची गोणी घेऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, “मळे बंतु, मावशी!” कन्नडात मळे म्हणजे पाऊस. आमच्या गल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला हे ऐकून बागाईत डोळ्यांपुढे येते. आई उदासच होती, पण म्हणाली, “मळे कुठले अक्का, सगळा चिखल झालाय.” अक्का हसल्या, आत आल्या, सुपातली एक साल उचलून त्यांनी वास घेतला आणि कामालाच लागल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. ऊन नाही तर उन्हाचे काम सोडून द्यायचे. फळ तर आहे.

मग तीन गोष्टी झाल्या. रोज गोळा होणाऱ्या फळांचा चांगला निम्मा भाग साखरेत गेला. साली चिरून बरणीत एक थर सालींचा, एक थर साखरेचा, वजनाने सालींच्या दुप्पट साखर. साखर सालींतला रस ओढून घेते. रोज लाकडी डावाने ढवळायचे, आठ-दहा दिवसांत गर्द जांभळा पाक सुटतो. गाळून बाटल्यांत भरला की झाले. हेच आमच्या बाजारातले अमृत कोकम. आमच्या घरी ते कधी केले जात नसे, कारण आईच्या मते रातांब्यात साखर घालणे म्हणजे पाहुण्याचे नाव बदलणे. दुसरा भाग आगळासाठी. त्याचे माप आईचे स्वतःचे: पाच भांडी रस आणि गराला एक भांडे जाडे मीठ, आठवडाभर ढवळायचे आणि गाळून घ्यायचे. सोलकढीला आगळ चालते, आणि त्याला सूर्य लागत नाही.

तिसरी गोष्ट मात्र आईने कधी पाहिलेली नव्हती. अक्कांच्या न्हाणीत अजून पाणी तापवायची लाकडाची चूल आहे, तिच्यावर सुपाऱ्या, मिरच्या ठेवायचा माळा. त्यांनी दोन पुटे मिळालेल्या आमच्या साली त्या माळ्यावर चाळणीवर पसरल्या आणि चूल दिवसभर मंद जळत ठेवली. केरळात रातांब्याच्या चुलत भावाला, कुडंपुळीला, असाच धूर देऊन वाळवतात. ते फळच मुळी भर पावसात तयार होते, त्यांना दुसरा मार्ग नाही. दोन पुटांवरच्या साली चार दिवसांत वाळल्या. कोळशासारख्या काळ्या झाल्या आणि त्यांना धुराचा वास होता.

अक्कांनी त्या सुपात घालून आईपुढे ठेवल्या. आईने मूठ भरली, कानाशी नेली. बराच वेळ हलवत राहिली. मग एक दुमडून पाहिली, एक तोंडात टाकली. आम्ही तिघेही तिच्या तोंडाकडे बघत होतो. सोल चघळून झाल्यावर ती म्हणाली, “ही आमची सोलं न्हवंत.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण रातांबाच हाय.”

त्या काळ्या सोलांची सोलकढी तिने होऊ दिली नाही. बांगड्याच्या आमटीत मात्र ती पहिल्याच आठवड्यात पडली, आणि घरात नेहमी शेवटी जेवायला बसणारी आई त्या दिवशी आमटी दुसऱ्यांदा मागून घेताना मी पाहिली. बरणीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. रिकामी बरणी अक्का जाताना उचलून घेऊन गेल्या होत्या. जूनच्या मध्यावर ती साखरेच्या पाकाने भरून परत आली. करार उलटा फिरला होता. आईला देणे डोक्यावर ठेवायची सवय नाही. तिने त्याच संध्याकाळी आगळाच्या दोन मोठ्या बाटल्या कुंपणावरून दिल्या. वडोदऱ्याला पाक गेला. बहिणीच्या नातवंडांनी तो पंधरा दिवसांत संपवला आणि पुढच्या वर्षीही हेच पाठवा असा निरोप आला. आईने तो निरोप ऐकला आणि काही उत्तर दिले नाही.

आमच्या भागातली माणसे टिकवण्याविषयी फार बोलतात. भाषा टिकवायची, रीत टिकवायची, शाळा टिकवायची. मीही व्यासपीठावरून बोललो आहे. पण टिकवणारी माणसे मी जवळून पाहिली ती या ओसरीवर, आणि त्यांच्या बोलण्यात हा शब्द येत नाही. जे साठवले जाते ते कधीच जसेच्या तसे उरत नाही. रातांब्याचे सोल होते तेव्हाही फळ राहत नाहीच. रंग, आकार, रस सगळे बदलते. पाच पुटांनी बदलले काय आणि शेजारणीच्या धुराने बदलले काय, विचारायचे एवढेच, की आमटीत पडल्यावर ओळख पटते का. आणि काम वेळेत व्हावे लागते. पाऊस दाराशी आल्यावर कोणती पद्धत शुद्ध याचा वाद घालत बसले, तर सूप उकिरड्यावर जाते.

त्या हंगामात एक गोष्ट राहून गेली होती. बिया वाळवता आल्या नाहीत. मुठेल होणार नव्हते म्हणून धुतलेल्या बियांचा ढीग मागच्या दारी फणसाखाली टाकून दिला. रातांब्याची बी वाळली की रुजत नाही. ती ओलीच मातीत जावी लागते. आजोबांनंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आमच्या बियांचे एकही रोप का झाले नाही, याचे कारण हेच. आम्ही दरवर्षी एकूण एक बी वाळवून, कुटून त्याचे तेल काढत होतो. ऑगस्टमध्ये पत्नी फणसाखाली गेली आणि मला हाक मारली. कोवळ्या तांबूस पानांची चाळीसेक रोपे पावसात उभी होती.

ती आम्ही दुधाच्या पिशव्यांत भरली. काही गावात वाटली, चार अक्कांनी नेली, दोन मी शाळेच्या आवारात मागच्या भिंतीकडे लावली. ती फुलावर यायला सहा-सात वर्षे लागतील. तोवर मी निवृत्त झालेला असेन आणि माझ्या जागी कोण असेल, त्याला रातांब्याचे काय ठाऊक असेल, सांगता येत नाही. आईला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, “नर निघाला तर तोडतील?” मी म्हटले, कदाचित तोडतील. तिने थोडा विचार करून सांगितले, “मग पाटी लाव.”

पाटी लावली आहे. ‘हे झाड फळ देवो न देवो, फुलत असेल तर तोडू नये’ एवढाच मजकूर आहे, दोन्ही भाषांत. कन्नड ओळ अक्कांनी तपासून दिली. माझी एक वेलांटी त्यांनी दुरुस्त केली.